‘पण’ या एका अव्ययाविषयी

समीक्षेच्या व्यवहारात सर्वांत घातक शब्द कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देऊ : ‘पण’. निंदेचा प्रतिवाद करता येतो, मौनाचा निषेध करता येतो. स्तुतीच्या पोटात दडून आलेल्या या दोन अक्षरांपुढे मात्र कलावंताचे काही चालत नाही. सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्या आमच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ‘काम चोख आहे, पण...’ अशी नोंद एकदा वार्षिक अहवालात उमटली की पुढे काय होते, हे ज्याचे त्याला ठाऊक असते. तिच्याविरुद्ध दाद मागावी, तर वरिष्ठ म्हणतात, ‘अहो, आम्ही तुमची स्तुतीच केली आहे !’

आज आम्ही दाद मागणार आहोत ती स्वतःसाठी नव्हे, तर एका व्हिडिओ गेमसाठी. हे वाक्य वाचून काही वाचक अंक मिटतील, हे आम्ही जाणून आहोत. त्यांना एवढीच विनंती की, त्यांनी आणखी दोन परिच्छेद धीर धरावा. वाद खेळाचा दिसत असला, तरी तो आहे हास्याचा. आणि हास्याला दुय्यम लेखण्याचा रोग ज्या साहित्याला कधी शिवला नाही, असे साहित्य आमच्या तरी पाहण्यात नाही. मराठी साहित्य तर त्याला अपवाद नव्हेच.

खेळाचे नाव ‘सनसेट ओव्हरड्राइव्ह’. कॅलिफोर्नियातील बरबँक येथील इन्सोम्नियाक गेम्स या संस्थेने तो घडविला आणि २८ ऑक्टोबर २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन या यंत्रासाठी तो अमेरिकेत प्रसिद्ध केला; पुढे २०१८ साली तो संगणकावरही आला. खेळाडूला एका मोठ्या नगरात मोकळे सोडून द्यायचे, कोठे जावे, काय करावे हे बव्हंशी त्याच्या मर्जीवर ठेवायचे, अशा जातीचा हा खेळ आहे. इंग्रजी समीक्षकांनी त्याचे स्वागत केले. निरनिराळ्या परीक्षणांतील गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या स्थळावर त्याला १०० पैकी ८१ गुण आहेत. म्हणजे पहिला वर्ग ! मग तक्रार कशाची ?

तक्रार गुणांची नाही, गुणपत्रिकेची आहे. त्या परीक्षणांचा साचा थोड्याफार फरकाने असा : रंग प्रसन्न आहेत, गती थरारक आहे, शस्त्रे कल्पक आहेत, पण विनोद कधी साधतो, कधी फसतो, पात्रांची बडबड कंटाळा आणते आणि कथेत दम नाही. रंगाचा एक रकाना, गतीचा दुसरा, विनोदाचा तिसरा, आणि विनोदाच्या रकान्यात काय, तर पात्रे तोंडाने जे बोलतात तेवढेच. आमचे म्हणणे असे की, या खेळाचा खरा विनोद पहिल्या दोन रकान्यांतच होता. समीक्षकांनी तो पाहिला, त्याची तारीफही केली. फक्त तो विनोद आहे हे त्यांनी ओळखले नाही. हसवणाऱ्याला ‘तू धावतोस छान’ असे म्हणावे आणि मग ‘पण हसवत नाहीस’ असा शेरा मारावा, तसा हा प्रकार झाला.

आता आम्हांस या विषयाशी काय कर्तव्य, हे सांगितले पाहिजे. आमच्या बदलीच्या गावी, निवासस्थानाच्या एका खोलीत, चिरंजीवांचे हे यंत्र दूरदर्शन-संचाला जोडलेले असते. तीन बदल्यांत तीन शाळा आणि तीन भाषा पालटलेल्या मुलाला जुने मित्र जे काही राहतात ते अशा यंत्रावरच भेटतात, हे ध्यानात आल्यापासून आम्ही त्याबाबतीत कुरकुर करणे सोडले आहे. एका रविवारी त्या खोलीतून एकट्याच्या हसण्याचा आवाज आला. पुस्तक वाचताना आमचे वडील एकटेच हसत, त्या जातीचे ते हसणे होते. म्हणून आम्ही आत डोकावलो. पुढचा तासभर यंत्राचा कळफलक आमच्या हाती होता आणि हसण्याचे काम सबंध घर करीत होते.

‘व्हिडिओ गेम हा काय समीक्षेचा विषय आहे ?’ असा आक्षेप मंडळाच्या बैठकीत आम्हांला ऐकावा लागलाच. चित्रपट नवा होता तेव्हा त्यालाही जत्रेतली करमणूक म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात दाखल करून घेतले. संग्रहालयाने शिक्का मारला म्हणजे वस्तू कला ठरते असे आम्ही म्हणत नाही. मात्र ज्या कृतीत नियम, रूप, गती आणि अर्थ यांची जाणीवपूर्वक मांडणी केलेली असते, तिच्याविषयी ‘कशी केली ?’ आणि ‘का केली ?’ हे दोन प्रश्न विचारता येतात. आणि हे दोन प्रश्न विचारता आले की समीक्षा सुरू झालीच.

तर खेळाची हकीकत अशी. काळ २०२७ चा, स्थळ सनसेट सिटी नावाचे कल्पित शहर. तेथील फिझको नावाची बडी कंपनी एक नवे स्फूर्तिदायक पेय बाजारात आणते. त्याच्या उद्‌घाटनाच्या जलशात गर्दी लोटते, लोक पेय पितात आणि पाहता पाहता त्यांचे अक्राळविक्राळ, नारिंगी गळवांनी भरलेले राक्षस होतात. कंपनी काय करते ? शहराची नाकेबंदी करते, बाहेरच्या जगाला साथीच्या रोगाची थाप मारते आणि उरलेल्या साक्षीदारांचा काटा काढण्यासाठी यांत्रिक सैनिक पाठवते. आपला नायक, किंवा आपली नायिका, त्या जलशात केरकचरा उचलणारा हलका नोकर असतो. जग बुडते तेव्हा त्याची नोकरीही बुडते. आणि आयुष्यात प्रथमच तो मोकळा होतो.

प्रलयाच्या कथा आपल्याला नव्या नाहीत. परंतु पाश्चात्त्य खेळांत २०१४ पूर्वीच्या काही वर्षांत प्रलय म्हटला की करडा धूर, तपकिरी भिंती आणि दाढी वाढलेला दुःखी पुरुष असा जणू दंडकच पडला होता. येथे प्रलय होतो तो लख्ख उन्हात आणि रंगपंचमीच्या थाटात. राक्षस फुटला की त्याच्यातून पेयाचा नारिंगी फवारा उडतो. स्फोट झाला की त्या आवाजाचा शब्दच अक्षरांनी आकाशात उमटतो. नायकाला वाटेल तो वेष चढवता येतो. हा पुरुषाचा, तो स्त्रीचा, असा भेद कपड्यांच्या पेटीत ठेवलेलाच नाही. शस्त्रे म्हणाल तर एक बंदूक ग्रामोफोनच्या तबकड्या फेकते आणि दुसरी पोटाशी सुरुंग बांधलेली कापडी अस्वले उडवते.

येथे आम्ही एका जुन्या साक्षीदाराला पाचारण करतो. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्यरसाची कारणे सांगितली आहेत. त्या यादीत आरंभीच कोण आहे ? विचित्र वेष आणि विचित्र अलंकार. त्यानंतर धीटपणा, हावरेपणा, लबाडी वगैरे येतात. असंबद्ध बडबड ही त्या यादीतली केवळ एक बाब आहे. भरताने अभिनयाचे चार प्रकार मानले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. म्हणजे देह, वाणी, वेषभूषा आणि अंतःकरण. इंग्रजी समीक्षकांनी या खेळाच्या विनोदाची परीक्षा घेतली ती फक्त वाचिकाच्या पेपरात. आंगिक आणि आहार्य यांत ज्याने बाजी मारली, त्याला त्यांनी वाणीच्या गुणांवर काठावर पास केले. आमची सारी तक्रार या एका वाक्यात आली.

आंगिक म्हणजे काय, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. कळफलक हाती येताच आम्ही आमच्या तीस वर्षांच्या नोकरीला साजेसे वर्तन केले. एक भक्कम भिंत पाहिली, तिच्या आडोशाला उभे राहिलो आणि परिस्थितीचा अंदाज घेऊ लागलो. तत्काळ मेलो. पुन्हा जिवंत झालो, दुसरी भिंत गाठली, पुन्हा मेलो. सात वेळा असे झाल्यावर चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, इथे उभं राहायचंच नसतं !’

खेळाचा सारा कायदा त्या एका वाक्यात होता. इतर बहुतेक गोळीबारी खेळांत आडोसा घेणारा वाचतो. येथे जमिनीवर पाय रोवून उभा राहणारा हमखास मरतो. विजेच्या तारांवरून, रेल्वेच्या रुळांवरून, कठड्यांवरून घसरत जायचे. मोटारींच्या टपांवर आणि दुकानांच्या छतावरच्या कापडावर आपटून चेंडूसारखे उसळायचे. भिंतीवरून तिरके धावायचे. आणि हे सारे चालू असताना नेम धरायचा. एवढ्यावर भागत नाही. एका उडीतून दुसरीत किती डौलाने गेलात, याचे मोजमाप पडद्यावर चालू असते. त्याला खेळात ‘स्टाइल’ म्हणतात, आणि ते मोजमाप चढले की नायकाच्या अंगी नवनव्या शक्ती येतात. थोडक्यात, येथे डौल हा दागिना नसून दारूगोळा आहे. सावधगिरी हा सद्‌गुण न राहता आत्मघात होतो आणि उनाडपणा हेच शहाणपण ठरते. रोजच्या जगाचे नियम शीर्षासन करतात. हास्याची व्याख्या याहून निराळी ती काय असते ?

आणि मेल्यावरचा प्रकार पाहा. इतर खेळांत मृत्यू म्हणजे अपयशाची पाटी. येथे मेलेला नायक दरवेळी नव्या तऱ्हेने रंगमंचावर परततो आणि त्यांतल्या कित्येक तऱ्हा म्हणजे गाजलेल्या चित्रपटांची विडंबने असतात. सातव्यांदा मेलो तेव्हा आम्हांला राग आला नाही. आता कसे परत येणार, याचे कुतूहल वाटले. आपल्या फजितीचा राग न येता तिची गंमत वाटू लागणे ही मोठी शिकवण आहे. आमच्या पदावरील माणसांना ती सहसा फार उशिरा मिळते.

भरताने हास्याचे आणखी दोन भेद केले आहेत. स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. नायक विनोदी वाक्य टाकतो आणि खेळाडूने हसावे अशी अपेक्षा करतो, हा परस्थाचा व्यापार. समीक्षकांनी मोजला तो हाच. परंतु तारेवरून घसरता घसरता उडी चुकते, आपण राक्षसांच्या घोळक्यात आपटतो, त्याच आपटण्याने उसळून पुन्हा छपरावर जातो आणि खोलीत एकटेच खदखदून हसतो, त्या वेळी कोणीही काही बोललेले नसते. ते हसू आपल्याच बोटांनी घडवलेले असते. नाटक-चित्रपटांत प्रेक्षक नटाकडे पाहून हसतो. खेळात प्रेक्षकच नट असतो, म्हणून आत्मस्थ हास्य हे या कलेचे खास धन आहे. त्या धनाची मोजदाद न करता ‘विनोद असमान आहे’ असा निर्वाळा देणे म्हणजे तिजोरी न उघडता दिवाळखोरी जाहीर करणे होय.

उपहासाचेही तेच. कंपनीविरुद्ध पात्रे जी टिंगल करतात ती पुष्कळदा बटबटीत आहे, हे आम्हांला मान्य. परंतु या खेळात ‘कॅप्टन अहॅब’ नावाचे एक शस्त्र आहे. तो पेय भरलेला भाला आहे. तो रस्त्यात रुतला की पेयाचे थारोळे साचते आणि ज्या पेयाने माणसांचे राक्षस झाले, त्याच पेयाकडे ते राक्षस अधाशासारखे धावतात. नायक वरून गोळ्या झाडतो. कोणी भाषण करीत नाही, कोणी बोध करीत नाही. व्यसन, जाहिरात आणि बाजार यांच्यावरचा निबंध एका शस्त्राच्या रचनेत उतरला आहे. समीक्षकांनी त्याची नोंद केली ती ‘कल्पक शस्त्रे’ या रकान्यात !

आता प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. या खेळातील पात्रे फार बोलतात. ‘आपण एका खेळातली पात्रे आहोत, हे आम्हांला ठाऊक आहे बरे का’ अशी डोळे मिचकावण्याची त्यांना खोड आहे, आणि पहिल्या चार वेळा गंमत वाटल्यावर पाचव्या वेळी ती खोड असह्य होते. अमुक वस्तू आणून दे, तमुक वस्तू आणून दे, अशी कंटाळवाणी कामे खेळाडूला सांगायची, त्या कंटाळवाणेपणाची स्वतःच थट्टा करायची आणि तरीही ती कामे करवून घ्यायचीच, हा तर निव्वळ ढोंगीपणा झाला. दोषाची थट्टा केली म्हणजे दोष नाहीसा होत नाही. कारकुनाने उशिरा येऊन स्वतःच्या उशिरा येण्यावर कोटी केली, तरी हजेरीपटावरची लाल रेघ पुसली जात नाही. या मुद्द्यावर ज्यांनी टीका केली त्यांच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते या टीकेलाच विनोदाची संपूर्ण परीक्षा समजणाऱ्यांशी.

हा पूर्वग्रह आहे, केवळ नजरचूक नव्हे, हे दाखवण्यासाठी एक तुलना करू. आदल्याच वर्षी, २०१३ साली, सोनीच्या यंत्रावर ‘द लास्ट ऑफ अस’ हा खेळ आला होता. तेथेही साथ, तेथेही माणसांचे झालेले राक्षस, तेथेही मोडलेले शहर. मुलगी गमावलेला एक पुरुष आणि त्याच्या हवाली झालेली एक पोरकी मुलगी यांची ती करुण कथा आहे. मेटाक्रिटिकवर तिचे गुण ९५ आहेत. त्या खेळाच्या थोरवीशी आमचा वाद नाही. परंतु त्याची परीक्षणे वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. तेथे गोळ्या मोजक्याच मिळतात, तर समीक्षक म्हणतात, या टंचाईतून माणसाची असहायता प्रत्ययास येते. म्हणजे तेथे खेळाचा नियम आणि खेळाचा आशय एकच मानला जातो. नियम बोलतो, असे तेथे सर्वांना ऐकू येते. मग तारेवरून घसरण्याचा नियम हसतो, हे येथे का ऐकू येऊ नये ? शोकाला सगळ्या अवयवांनी बोलण्याची मुभा, आणि हास्याने मात्र फक्त तोंडाने बोलावे, हा कोठला न्याय ?

दुसरा पुरावा खुद्द त्याच संस्थेच्या पुढच्या कृतीचा. २०१८ साली इन्सोम्नियाकने ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ काढला. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींमधून जाळ्याच्या दोरीने झोके घेत जाण्याचा त्यातला आनंद समीक्षकांनी एकमुखाने वाखाणला, आणि त्या झोक्यांतच कोळी-मानवाचे सारे व्यक्तिमत्त्व साकार होते, असे म्हटले. मेटाक्रिटिकवर गुण ८७. नगरभर न थांबता उसळत राहण्याचे ते कसब या कारागिरांनी चार वर्षांपूर्वी सनसेट सिटीच्या तारांवर कमावले होते, हे दोन्ही खेळ खेळलेल्या कोणालाही बोटांनी कळते. त्याच हातांनी, त्याच जातीची गती. पण नायकाच्या मनात कर्तव्याचा पेच आणि आप्तांचा शोक आला, तेव्हा ती गती ‘व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार’ झाली. नायक केर काढणारा विदूषक होता तेव्हा ती नुसती ‘थरारक गती’ होती.

हा अन्याय पडद्याला नवा नाही. बस्टर कीटनचा ‘द जनरल’ हा मूकपट १९२६ सालचा. आगगाडीच्या पाठलागात कीटनने आपल्या देहाने जो विनोद निर्माण केला, त्याला चेहऱ्यावरची रेष हलवण्याचीही गरज पडली नाही, मग वाणीची काय कथा ! त्या काळच्या समीक्षकांनी त्याची थंडपणे बोळवण केली आणि धंद्यातही तो पडला. पुढे १९७२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा तोच चित्रपट आजवरच्या सर्वोत्तम दहांत बसला. मधल्या काळात चित्रपटाची एक चौकटही बदलली नव्हती. बदलली होती ती पाहणाऱ्यांची नजर. देहाच्या विनोदाला शब्दांची कुबडी लागत नाही, हे कळायला समीक्षेला पंचेचाळीस वर्षे लागली.

आणि आपण तरी इंग्रज-अमेरिकनांना हसावे, अशी आपली स्थिती आहे काय ? श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ वाटले, गडकऱ्यांचा ‘बाळकराम’ आला, बडोद्यात नोकरी करता करता चिं. वि. जोशींनी चिमणराव घडवला; ही परंपरा आपण अभिमानाने सांगतो. पण गंभीर लेखकाचे नाव घेताना जो आवाज आपण लावतो, तोच चिमणरावाच्या जनकासाठी लावतो काय ? तेथे हळूच शब्द येतो, ‘निव्वळ’. निव्वळ विनोदी. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हाही त्यातले कारुण्य दाखवून देऊन त्यातल्या विनोदाची जणू शिफारस करावी, असे अनेकांना वाटत आले आहे. हसू आणणाऱ्याने डोळ्यांत थोडे पाणीही आणले पाहिजे, नाही तर त्याला पंगतीत पान नाही ! शोकाकडून मात्र कोणी हास्याचा दाखला मागत नाही. इंग्रजीतला ‘पण’ आणि मराठीतला ‘निव्वळ’ हे सख्खे भाऊ आहेत.

गंमत अशी की, ज्यांना कारुण्याचाच दाखला हवा, त्यांना तो या खेळातही सापडला असता. शहर बुडाल्यावर उरलेली माणसे टोळ्याटोळ्यांनी राहतात. त्यांत एक टोळी हौसेने मध्ययुगीन राजदरबाराचे सोंग आणणाऱ्यांची आहे. जग संपले तरी त्यांनी सोंग सोडलेले नाही. ते अजून राजा-सरदारांच्या भाषेत बोलतात, दरबार भरवतात. समीक्षकांनी त्यांना विक्षिप्त पात्रांच्या यादीत टाकून वाट धरली. आम्हांला मात्र ती माणसे पाहून हसता हसता चुकल्यासारखे झाले. परमुलखात चार बिऱ्हाडे जमवून गणपतीत नाटक बसवणाऱ्या, तालमीला कोणी नसले तर पडदा धरणाऱ्यालाच सरदार करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या दरबाराचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. भोवतालचे सारे जग अनोळखी झाले म्हणजे माणूस आपल्या हौसेच्या आधाराने उभा राहतो. हे त्या खेळाने सांगितले, आणि हसत सांगितले. म्हणूनच ते कोणाच्या कानी गेले नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट करतो. परीक्षणांतल्या ‘पण’मुळे या खेळाचे नुकसान झाले, असे आमचे म्हणणे नाही. त्याचा दुसरा भाग आजवर निघालेला नाही. त्याची कारणे धंद्याच्या हिशेबात असतील. २०१९ साली सोनीने इन्सोम्नियाक ही संस्थाच विकत घेतली, हेही खरे. खेळ निघाला तेव्हा मायक्रोसॉफ्ट आणि सोनी यांच्या यंत्रांची चुरस जोरात होती आणि दोन्हीकडचे पाठीराखे परीक्षणांतले आकडे एकमेकांच्या अंगावर फेकत होते. त्या गलक्यात बारकावे कोणाला ऐकू येणार? नुकसान झाले ते समीक्षेचे. तिच्यासमोर हास्याचे एक नवे रूप, नियमांतून आणि बोटांतून उमटणारे, येऊन उभे राहिले होते, आणि तिने त्याला नाव विचारण्याऐवजी त्याचे संवाद तपासले.

म्हणून समीक्षकांकडे, मग ते इंग्रजी असोत वा मराठी, आमची मागणी माफक आहे. हसवणाऱ्या कृतीला त्यांनी गुण कमी द्यावेत, हवे तर नापास करावे. परंतु परीक्षा पुरी घ्यावी. तिची वाणी ऐकावी, तसेच तिचे अंग पाहावे, तिचा वेष पाहावा आणि हसताना आपले स्वतःचे काय झाले, याचीही प्रामाणिक नोंद करावी. शोकाला जेवढी आसने मांडतो तेवढीच हास्याला मांडावीत. एवढे केल्यावरही ‘पण’ लिहावासा वाटला, तर अवश्य लिहावा. तो ‘पण’ आम्ही मान लववून स्वीकारू.

आमच्यापुरते सांगायचे, तर त्या रविवारनंतर आमच्या वागण्यात थोडा फरक पडला आहे. एखाद्या होतकरू हाताखालच्याचा अहवाल लिहिताना स्तुतीचे वाक्य संपत आले आणि लेखणी सवयीने त्या दोन अक्षरांकडे वळू लागली, की आम्ही क्षणभर थांबतो आणि स्वतःला विचारतो : याचे काम मी पुरते पाहिले आहे काय, की नुसते बोलणे ऐकले आहे ?